पाखाडीवरून सायकल उतरवताना

आमच्या गावाचा रस्ता वरून जातो आणि वस्ती खाली, खाडीच्या काठाला आहे. दोहोंच्या मध्ये पाखाडी. घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो, डोंगराच्या उतारावर जांभ्या दगडाचे चिरे बसवून केलेली पायऱ्यांची वाट म्हणजे पाखाडी. पायरी वीतभर उंच, दोन हात रुंद, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी मध्ये झिजून खोलगट झालेली. एका बाजूला वाडीचा गडगा, दुसऱ्या बाजूला आंब्याफणसाची मुळे पायऱ्यांत घुसलेली. पाण्याचे हंडे, लाकडाच्या मोळ्या, नवऱ्या मुली आणि जनाजे, सगळे याच वाटेने आले-गेले.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत या पाखाडीवर आमच्या भाच्याचे डावे मनगट मोडले. तो सायकलवर होता, आणि त्याला 'सोड' म्हणणारे आम्ही होतो.

भाचा आठवीत शिकतो. मेहुणे कुवेतला असतात. त्यांनी पाठवलेल्या पैशांतून त्याला गिअरची, जाड टायरची, पुढे शॉकअप असलेली सायकल मिळाली. ज्या सायकलीवर 'माउंटन' लिहिलेले असते ती डोंगरावरच चालवायची असते, एवढे तर्कशास्त्र १३ वर्षांच्या कोणत्याही मुलाला येते. त्या दिवशी तो पाखाडीच्या खालच्या टप्प्याच्या तोंडाशी येऊन उभा राहिला होता. पुढे ११ पायऱ्या आणि मग अंगण. एक पाय जमिनीवर, एक पायडलवर. बराच वेळ तसाच. शेवटी आम्हालाच राहवले नाही. म्हटले, "अरे, किती घाबरतोस? बिस्मिल्लाह म्हण आणि सोड."

त्याने बिस्मिल्लाह म्हटले आणि सोडले. पहिली पायरी उतरला. दुसरीच्या कडेवर पुढचे चाक खाली जाताच तो दचकला आणि दोन्ही ब्रेक मुठीत आवळले. पुढचे चाक पायरीच्या बुडाशी जागच्या जागी थांबले, मागचे उचलले गेले आणि मुलगा हँडलवरून पुढे. पडताना माणूस हात पुढे टेकतोच, त्यानेही टेकला. हाडे बसवणाऱ्याकडे न नेता थेट तालुक्याच्या गावी एक्स-रेला नेले, एवढे एकच शहाणपण त्या दिवशी आमच्या हातून घडले. ६ आठवडे प्लास्टर.

आमची आपा, म्हणजे भाच्याची अम्मी, आम्हाला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते. सायकल पडवीत गेली, तिच्यावर जुनी चादर पडली. प्लास्टर निघाले, हात पूर्वीसारखा वळू लागला, डॉक्टरांनी खेळायला मोकळीक दिली, तरी चादर निघाली नाही. कुवेतहून व्हिडिओ कॉलवर अब्बांनी विचारले की सायकल चालवतोस की नाही, तर तो म्हणाला, अभ्यास आहे. आम्ही समोरच बसलो होतो. आठवीच्या मुलाला डिसेंबरमध्ये किती अभ्यास असतो ते आम्हाला ठाऊक आहे.

त्या रात्री आम्हाला तो उंटाचा प्रसंग आठवला. आपणा सर्वांना तो माहीत आहे, तिरमिजीत आलेला आहे. एका माणसाने प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले, उंट बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू, की मोकळा सोडून भरवसा ठेवू? उत्तर मिळाले की आधी बांध, मग भरवसा ठेव. ही हदीस आम्ही वर्गात किती वेळा सांगितली असेल त्याची गणती नाही. आणि पाखाडीच्या तोंडाशी आम्ही काय केले? उंट बांधायचा कसा हे मुलाला न शिकवता त्याच्या तोंडी बिस्मिल्लाह दिले. पवित्र शब्दाच्या आड आमचा आळस लपला होता. मुलाला भरवसा नव्हता, कारण त्याला काही येतच नव्हते. त्याची भीती खरी होती, आमची हिंमत उसनी होती.

दुसऱ्या दिवशी आपाकडे गेलो आणि म्हटले, त्याला पुन्हा सायकलवर बसवायचे आहे. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बसव. पण या खेपेला आधी तू शीक. आणि काय शिकवतोस ते मला दिसू दे."

मग आम्ही शिकलो. ही कला गेल्या ५० वर्षांत चांगली रुजली आहे, तिच्यावर लिहिलेले आणि चित्रित केलेले पुष्कळ मिळते. तिची सुरुवात अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातल्या मरीन परगण्यात झाली. तेथील काही तरुण भंगारात निघालेल्या, फुगीर टायरच्या जड सायकली टेकडीवर नेऊन मातीच्या रस्त्याने खाली सोडत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली, सुमारे २ मैलांत १३०० फूट उतार. त्या सायकलींना ब्रेक फक्त मागच्या चाकाच्या तुंब्यात, पायडल उलटे दाबून लागणारा. खाली पोहोचेपर्यंत तो इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. इंग्रजीत पुन्हा भरण्याला जो शब्द आहे तो, 'रिपॅक', त्या वाटेचे नावच होऊन बसला. २० वर्षांनी, १९९६ मध्ये, हा खेळ अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये पोहोचला. आम्हाला या कथेतला ब्रेकच लक्षात राहिला. मोठमोठ्या उड्या सगळ्यांना दिसतात, पण या खेळाच्या मुळाशी 'थांबायचे कसे' हा प्रश्न आहे.

बी.एड.ला शिकवतात, सोप्याकडून कठीणाकडे, ज्ञाताकडून अज्ञाताकडे. गणित शिकवताना आम्ही हे सूत्र पाळतो, पाखाडीवर विसरलो होतो. म्हणून जानेवारीत शाळेच्या मैदानापासून सुरुवात केली. असरच्या नमाजनंतर मगरीबपर्यंत तासभर. भाचा, आणि न बोलावता आलेली आमची सहावीतली मुलगी, तिच्या भावाची जुनी सायकल घेऊन.

पहिला आठवडा अडथळा नाहीच. फक्त उभे राहणे. आपल्याकडे सायकल बसून चालवायची गोष्ट आहे, पण खडबडीत वाटेवर बसलेला माणूस म्हणजे सायकलला बांधलेले पोते. चाक उडाले की पोते उडते. म्हणून सीट ४ बोटे खाली करायची आणि पायडलवर उभे राहायचे. दोन्ही पायडल जमिनीला समांतर, एक पुढे एक मागे. एक खाली राहिले तर तेच दगडाला ठोकते. टाचा किंचित खाली, गुडघे वाकलेले, कोपरे बाहेरच्या बाजूला वाकलेली, कंबर सीटच्या वर जरा मागे. शरीराचे सगळे वजन तळपायांवर. हातांवर वजन नाही, हँडल नुसते धरलेले. आमच्या लक्षात आले की भाचा हँडल जात्याच्या खुंट्यासारखे आवळतो. त्याला सांगितले, उभ्या उभ्या बोटे पेटीच्या सुरांवर फिरवतोस तशी हलव. बोटे हलू लागली की खांदे आपोआप सैल होतात. माणूस वर तसाच राहतो आणि सायकल त्याच्या खाली, गुडघ्याकोपरांच्या मधल्या जागेत, वरखाली होते. पुढच्या शॉकअपपेक्षा माणसाचे गुडघे अधिक चांगले शॉकअप आहेत, आणि फुकट आहेत.

दुसरा आठवडा ब्रेकचा. कोणता हात कोणत्या चाकाचा ब्रेक लावतो हे आधी पाहून घ्यावे, सायकलीसायकलीत फरक असतो. भाच्याच्या सायकलीचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला, मुलीच्या सायकलीचा डाव्या हाताला. उतारावर किंवा थांबताना वजन पुढे सरकते, म्हणून सायकल थांबवण्याचे खरे काम पुढचा ब्रेक करतो. मागचा एकटाच दाबला तर चाक नुसते घसटत जाते. आणि पुढचा झटक्याने दाबला तर काय होते ते आमच्या घराने पाहिले आहे. यातून पुष्कळ लोक चुकीचा धडा घेतात की पुढच्या ब्रेकला हातच लावू नये. आमची आपाही तेच म्हणत होती. आम्ही मैदानावर चुन्याची रेघ मारली. चालण्याच्या वेगाने या, एकाच बोटाने पुढचा ब्रेक हळूहळू दाबत रेघेवर थांबा. मग मागच्या ब्रेकने. मग दोन्हींनी. मुलांनी मातीत उमटलेल्या खुणा मोजल्या, कोणत्या ब्रेकने किती अंतरात सायकल थांबते ते स्वतः पाहिले. चार दिवसांत भाच्याची मूठ सुटली आणि एक बोट ब्रेकवर, तीन हँडलवर, अशी सवय बसली. त्याचा भरवसा पुन्हा उगवला तो येथे, आम्हाला हे स्पष्ट दिसले. आपण हवे तेव्हा थांबू शकतो हे ज्याला कळले त्याला पुढे जाणे सोपे होते.

आता डोळे. हे अर्धे शास्त्र आहे. वाचकांपैकी जे लहानपणी भाड्याच्या सायकलीवर शिकले असतील त्यांना आठवेल, मोकळ्या मैदानात एकच विजेचा खांब असतो आणि आपण नेमके त्यावर जाऊन आदळतो. कारण आपण त्याच्याचकडे पाहत असतो. सायकल डोळ्यांच्या मागे जाते. दगडाकडे पाहिले की दगडावर, मुळाकडे पाहिले की मुळावर. अडथळा एकदा दुरून पाहून घ्यावा, वाट ठरवावी आणि मग नजर पलीकडे, जिथे पोहोचायचे तिथे न्यावी. सांगणे सोपे आहे, भ्यालेल्या माणसाचे डोळे ऐकत नाहीत. आम्ही एक खेळ केला. मैदानात एक वीट ठेवली, तिच्या पलीकडे १० पावलांवर आम्ही उभे राहिलो आणि हाताची बोटे वर करत राहिलो. दोन, पाच, तीन. सायकलवरून येणाऱ्याने मोठ्याने आकडा सांगत यायचे. विटेकडे पाहिले की आकडा चुकतो. मुलगी पहिल्याच दिवशी विटेवरून टुणकन गेली आणि 'चार' म्हणाली. भाचा दोनदा आकडा चुकला आणि दोन्ही वेळा विटेला धडकला. त्याला आम्ही काही समजावले नाही, त्याला समजले होते.

विटेवरून चाक नेण्याची रीत अशी. वीट हातभर अंतरावर आली की गुडघे-कोपरे वाकवून अंग खाली दाबायचे आणि लगेच कंबर मागे नेत हात सरळ करायचे. पुढचे चाक हलके होऊन उचलले जाते, हाताने ओढून नव्हे. ते पलीकडे टेकले की अंग पुढे आणायचे, म्हणजे मागचे चाक हलके होऊन वर चढते. चढावर आडवे पडलेले लाकूड किंवा शेताचा छोटा बांध असेल तर याच्या जोडीला पायडलचा अर्धा फेरा लागतो आणि गिअर आधीच हलका केलेला असावा लागतो. बांधावर पोहोचल्यावर गिअर शोधणाऱ्याला उतरूनच जावे लागते. आम्हीही आजतागायत उतरूनच जातो. वय झाले म्हणून नाही, अंग पुढे-मागे करण्याची वेळ आमची चुकते. मुलीची चुकत नाही.

मग रमजान आला. महिनाभर सायकली बंद. रोज्यात पाणी न पिता उन्हात घाम गाळण्याचे काही कारण नव्हते आणि भाच्याचे सगळे रोजे पूर्ण होत होते. ईदनंतर आम्ही मैदान सोडून बाहेर पडलो.

कोकणातल्या वाटांचे स्वभाव ऋतूप्रमाणे बदलतात. पावसाळ्यात कातळावर आणि चिऱ्यांवर शेवाळ धरते, तिथे सायकल नेऊच नये. यात शूरपणाचा प्रश्न नाही, टायरला धरायला काही नसतेच. उन्हाळ्यात तोच जांभा कोरडा, खरखरीत, टायर घट्ट धरतो. पण त्याची गोटीसारखी खडी उतारावर पसरलेली असते आणि तिच्यावर चाक ज्वारीच्या दाण्यांवर पाय पडावा तसे सरकते. खडीवर ब्रेक नको, वळण नको. आधी वेग कमी करून सरळ, सैल हातांनी निघून जावे, सायकल थोडी डोलेल तिला डोलू द्यावे. झाडांच्या मुळांचेही तेच. मूळ काटकोनात ओलांडले तर चाक वरून जाते, तिरके गेले तर मुळाच्या कडेने घसरते, आणि मूळ ओले असेल तर निमिषात. म्हणून मुळाच्या अलीकडेच सायकल सरळ करून घ्यायची आणि नेमक्या मुळावर असताना ब्रेकवरचे बोट सोडायचे.

हवेबद्दल दोन शब्द. दुकानदार टायर दगडासारखे होईपर्यंत हवा भरतो, कारण डांबरी रस्त्यावर ते हलके चालते. टायरच्या बाजूवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त हवेचे आकडे छापलेले असतात. मुलाचे वजन कमी असेल तर खालच्या आकड्याच्या जवळ राहावे. थोडे मऊ टायर दगडाला बिलगते. त्याहून खाली गेलात तर चाकाची रिंग आणि दगड यांच्यामध्ये ट्यूब चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोके पडतात. ती जोडभोके पाहिली की समजावे, हवा कमी होती. बाजारात १०-१२ हजारांत मिळणाऱ्या सायकलींविषयी मात्र स्पष्ट सांगतो, त्या उड्या मारण्यासाठी बनलेल्या नाहीत, नाव काहीही असो. चाके जमिनीला टेकवून पायऱ्या उतरणे वेगळे आणि हवेत उडी घेणे वेगळे. मुलगा मोबाईलवर उड्या पाहून सराव करत असेल तर तेथे जरूर अडवावे.

आता मुलींचा विषय, कारण आमच्या मुलीला मैदानावर पाहून दोन घरांतून विचारणा झाली. प्रेषित (स.) यांनी हजरत आएशा (रजि.) यांच्यासोबत धावण्याची शर्यत लावल्याचे हदीसमध्ये आहे, आणि पहिल्या खेपेला त्या पुढे गेल्या होत्या. एवढे सांगून आम्ही तो विषय तिथेच संपवतो. खरा मुद्दा कपड्यांचा आहे आणि तो सुरक्षिततेचा आहे. ओढणीचे टोक मागच्या चाकात किंवा चेनमध्ये गेले तर मानेला फास बसतो. ओढणी घरी राहू द्यावी. पातळ कापडाचा, पिनांविना बसणारा हिजाब हेल्मेटच्या आत नीट बसतो, टोके कुर्त्याच्या आत खोचावीत. उजव्या पायाची सलवार घोट्याजवळ रबराने बांधावी, चेन त्याच बाजूला असते. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटे, पट्टे कानांखाली जुळलेले. मागे कललेले हेल्मेट म्हणजे टोपी झाली. आणि एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी पुन्हा वापरू नये.

याच मुलीला आम्ही स्वित्झर्लंडच्या योलांडा नेफची गोष्ट सांगितली. डिसेंबर २०१९ मध्ये सराव करताना ती अशी पडली की तिची पानथरी फाटली आणि बरगडी मोडली. २७ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकच्या महिलांच्या शर्यतीत तीच सुवर्णपदक घेऊन आली. आमची अपेक्षा होती की मुलगी पदकाविषयी विचारेल. तिने विचारले, "मधल्या दीड वर्षात ती काय करत होती?" भाचा शेजारीच होता. त्यानेच उत्तर दिले, "मैदानावर विटा ओलांडत असेल."

त्याच ऑलिंपिकमध्ये आदल्या दिवशी पुरुषांच्या शर्यतीत आणखी एक घटना घडली, ती आम्हाला पाखाडीसाठी फार उपयोगी पडली. हॉलंडचा माथ्यू व्हान डर पूल हा जगातल्या मोजक्या सायकलपटूंपैकी एक. एका मोठ्या खडकावरून खाली उतरण्याची जागा होती. सरावाच्या दिवसांत तेथे लाकडी फळी लावलेली होती. शर्यतीतही ती असेल असे त्याला वाटले. फळी काढलेली होती. ती आहे असे समजून तो खडकाच्या कडेवरून गेला, पुढचे चाक सरळ खाली आणि हा हँडलवरून पुढे. शर्यत त्याला सोडावी लागली. अनुभव, ताकद, धैर्य, सगळे त्याच्याकडे होते. समोर काय आहे याची माहिती मात्र चुकीची होती.

म्हणून आमचा नियम झाला की सायकलच्या आधी पाय. पाखाडीचा खालचा टप्पा आम्ही तिघेही चालत उतरलो, चालत चढलो, पुन्हा उतरलो. सातव्या पायरीचा चिरा हलतो. नवव्या पायरीवर फणसाचे मूळ उजवीकडून येते, म्हणून तेथे डावीकडे राहायचे. शेवटची पायरी इतरांपेक्षा उंच आहे. सुटे दगड उचलून गडग्यावर ठेवले. वाटेतली त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानचा एक भाग सांगितलेला आहे, आणि त्या दगडांवरून आपल्या सायकलीपेक्षा शेजारच्या दादीचा पाय घसरण्याची शक्यता जास्त. पाखाडी चालणाऱ्यांची आहे. कोणी वर किंवा खाली दिसले तर सायकल थांबलीच पाहिजे, मग तो लहान मुलगा का असेना.

पायरी उतरण्याचा सराव शाळेच्या व्हरांड्यापासून केला. तिथे एकच बुटकी पायरी आहे. वेग आधीच माणसाच्या भरभर चालण्याइतका करून घ्यायचा, फार हळू गेल्यास चाक पायरीच्या बुडाशी अडते. पायडल समांतर. पुढचे चाक कडेवरून खाली जाताना हात लांबवून हँडलला जाऊ द्यायचे, कंबर मागे सीटच्या वर. पण इतकीही मागे नाही की पोट सीटवर यावे, कारण मग पुढचे चाक हलके होते आणि वळवता येत नाही. मागचे चाक उतरले की पुन्हा मधोमध. अनेक पायऱ्या असतील तेव्हा ब्रेक पायरीच्या सपाट भागावर लावायचा आणि कड आली की पुढचा सोडायचा, मागचा नुसता हलका ठेवायचा. भाचा हे स्वतःशी पुटपुटत असे, "सपाटीवर धर, कडेला सोड." व्हरांड्याच्या पायरीवरून तो एका संध्याकाळी ४० वेळा उतरला. शिपाईभाऊ वैतागले. मग मशिदीच्या मागच्या बाजूच्या तीन पायऱ्या, मुतवल्लींना विचारून, नमाजच्या वेळा सोडून.

एका रविवारी असरनंतर आम्ही पाखाडीवर गेलो. आपा खाली अंगणात येऊन उभी राहिली, हातात काही काम नव्हते. भाचा ११ पायऱ्यांच्या वर त्याच जागी थांबला. एक पाय जमिनीवर. आम्ही बाजूला, तसेच. आमच्या जिभेवर तेच वाक्य आले होते, ते आम्ही गिळले. त्याने खाली पाहिले, मग उतरला आणि म्हणाला, "आज नको, मामू." आम्ही म्हटले, ठीक आहे. सायकल उचलून खाली आणली, आपाने चहा केला. तो 'आज नको' आम्हाला आवडला. दिवाळीत त्याला हेच म्हणायचे होते आणि आम्ही म्हणू दिले नव्हते.

पुढच्या रविवारी त्याने वरून नव्हे, सातव्या पायरीच्या खालून सुरुवात केली. हलणारा चिरा मागे राहिला. चार पायऱ्या. उतरला. पुन्हा सायकल उचलून वर नेली आणि पुन्हा. चार वेळा झाल्यावर तो काही न बोलता अगदी वर गेला, ओठ हलले, आणि निघाला. सपाटीवर धर, कडेला सोड. सातव्या पायरीवर चिरा खडखडला, नवव्यावर तो डावीकडे राहिला, शेवटच्या उंच पायरीवर कंबर मागे गेली, आणि अंगणात आपाच्या पुढ्यात येऊन त्याने सायकल थांबवली. एका बोटाने. आपाने त्याचा डावा हात धरून मनगट उलटेसुलटे करून पाहिले, जणू तो पडूनच आला आहे. मग आमच्याकडे पाहून म्हणाली, "आणि ही?" आमची मुलगी वर उभी होती, हेल्मेटचा पट्टा लावत.

पाखाडीच्या वरच्या टप्प्यात एक वळण आहे. पायऱ्या तिथे अरुंद होतात आणि बाजूला गडगा नाही, सरळ खोल पऱ्या आहे. त्या वळणावर भाचा अजूनही उतरतो आणि सायकल खांद्यावर घेऊन चालत जातो. मुलगीही. कुवेतहून मेहुण्यांनी विचारले, ते कधी जमणार? भाचा म्हणाला, "तिथे चालतच जायचे असते, अब्बा."